गवताची तहान

गवताला पाणी द्या असं कोकणातल्या माणसाला कुणी सांगितलं, तर तो आधी सांगणाऱ्याकडे नीट पाहून घेईल. जिथे चार महिने पाऊस कोसळतो आणि घराच्या कौलांवरसुद्धा हिरवी लव धरते, तिथे गवत ही पेरायची, शिंपायची, राखण करायची वस्तू कधी नव्हतीच. ते आपलं आपण येतं, कमरेइतकं वाढतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि होळीपर्यंत संपतं. गुरांनी खाल्लं ते त्यांचं, कापून ठेवलं ते आपलं, उरलं ते वणव्याचं.

पण हेच गणित एप्रिलमध्ये मांडून पाहा. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतच्या अलीकडे-पलीकडे गाडीच्या खिडकीतून जे डोंगर दिसतात, ते पावसाळ्यात पाहणाऱ्याला स्वर्ग वाटतात. तेच एप्रिलमध्ये भाजलेल्या भाकरीसारखे दिसतात. त्या डोंगरांच्या अंगाखांद्यावर ठाकरांच्या वाड्या आहेत. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ‘ठाकुरवाडी’ हे नाव इतक्या वेळा भेटतं, की नुसत्या नावावर पत्ता सापडत नाही. या वाड्यांमध्ये उन्हाळ्यात दोन प्रश्न एकाच वेळी दारात उभे राहतात. माणसांना पाणी कुठून आणायचं आणि गुरांना चारा कुठून आणायचा? गवताला पाणी देऊन दुसरा प्रश्न सोडवता येतो. मात्र तसं करताना पहिला प्रश्न अधिक बिकट होऊ शकतो. या लेखाचा विषय एवढाच आहे.

पाणी खालून, वाडी वर

या भागात पाणी नाही असं म्हणता येणार नाही. इथून पाणी जातं, आणि भरपूर जातं. १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला टाटांची वीजघरं सुरू झाली. घाटावर धरणं बांधून अडवलेलं पाणी नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही ती योजना. खोपोलीचं पाणी वीज करून झालं की पाताळगंगेत उतरतं आणि पुढे कारखान्यांना मिळतं. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर कर्जत तालुक्यातला राजनाला चालतो आणि त्याच्या काठच्या शेतकऱ्याला उन्हाळी भात काढता येतं. भिवपुरीचं हे पाणी येतं मावळातल्या ठोकरवाडीच्या धरणातून. घाटावरच्या ठोकरवाडीचं पाणी घाटाखालच्या ठाकुरवाड्यांच्या पायथ्याने वाहत जातं, हा नावांचा योगायोग मला नेहमी गमतीचा आणि थोडा खिन्न करणारा वाटत आला आहे. खालापुरात धावरी नदीवर मोरबे धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबई पिते.

पाटाचं पाणी उतारानेच वाहतं. म्हणून पाटाखालची जमीन भिजते आणि पाटावरची कोरडी राहते. ठाकरांच्या वाड्या बहुतेक पाटाच्या वर, जंगलाच्या कडेला. वाडीवर उभं राहिलं तर खाली भाताचे हिरवे चौकोन दिसतात. ते बघता येतात, वापरता येत नाहीत.

पूर्वी या वरच्या जमिनीची एक व्यवस्था होती. तिला वरकस म्हणत. एक-दोन वर्षं नाचणी, वरी घ्यायची, मग जमीन काही वर्षं विश्रांतीला सोडायची. त्या विश्रांतीच्या काळात तिथे गवत यायचं. जंगलातल्या दळीच्या जमिनींवर ठाकर आणि कातकरी अशीच शेती करत. ठाणे-रायगडच्या माळांवरचं वाळलेलं गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. वाडीतली गाय लहान चणीची, दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणारी, पण पेंढ्यावर आणि झाडपाल्यावर उन्हाळा काढणारी. या कोकणी गाईला २०१८ मध्ये ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिच्याकडून कुणी श्रीमंत व्हायची अपेक्षा ठेवली नव्हती आणि तिनेही कधी कुणाला कर्जबाजारी केलं नव्हतं.

अर्जातला रिकामा रकाना

चित्र बदललं ते म्हैस आल्यावर. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झाला आणि १९९९ पर्यंत चालला. त्यात गरीब कुटुंबांना कर्ज आणि अनुदान देऊन दुभती जनावरं दिली जात. मी बँकेत होतो त्या काळात असे अर्ज ढिगाने पाहिले. प्रकरणात दोन म्हशी धरलेल्या असत. पहिली म्हैस आटायच्या सुमारास दुसरी द्यायची, म्हणजे घरात दूध कायम राहील आणि हप्ताही कायम येईल, असा हिशेब. कागदावर तो चोख होता. म्हशीची किंमत, विम्याचा हप्ता, गोठ्याचा खर्च, दुधाचा भाव, सगळ्याला रकाने होते. चाऱ्यासमोर मात्र बहुतेक वेळा दोनच शब्द लिहिलेले असत : ‘स्वतःची सोय’.

त्या दोन शब्दांत सगळा उन्हाळा दडलेला होता. जानेवारीपर्यंत म्हैस दूध देई. पुढे हिरवं संपलं की दूध उतरे, मग हप्ता चुके, मग म्हैस विकली जाई. काही वेळा कागदात गुंडाळलेला कानातला बिल्ला तेवढा विम्याच्या दाव्यासाठी टेबलावर येई. मोठी म्हैस आणि लहान बिल्ला. कादंबरी लिहिताना सुचणार नाही अशी ही प्रतिमा सरकारी योजनेने फुकट दिली.

तेव्हा गवताला पाणी देण्याची कल्पना चैनीची म्हणून उडवून लावता येत नाही. दूध देणाऱ्या जनावराला रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा लागतो आणि जोडीला पाच-सहा किलो वाळलेला. दुधाच्या उत्पादनखर्चात साठ-सत्तर टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. घरचा हिरवा चारा असेल तर पेंड कमी लागते. जनावर वेळेवर गाभण राहतं. हिरव्यातून मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाने वासरं धडधाकट निपजतात.

आणि हे साधायला फार जमीनही लागत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘यशवंत’ आणि ‘जयवंत’ हे संकरित नेपिअर गवताचे वाण दिले आहेत. एकदा ठोंब लावले की दोन-अडीच महिन्यांत पहिली कापणी, मग दर दीड-दोन महिन्यांनी पुढची, आणि लागवड तीन वर्षं टिकते. पाणी आणि खत नीट मिळालं तर एका गुंठ्यातून वर्षाला एक ते दीड टन चारा निघतो. म्हणजे दहा गुंठ्यांत दिवसाला सरासरी तीस किलोच्या आसपास. एका म्हशीचं पोट दहा गुंठ्यांवर भागतं!

या दहा गुंठ्यांचा खरा फायदा डोक्यावरच्या ओझ्यात मोजायला हवा. गवताचा भारा आणि पाण्याचा हंडा ही दोन्ही कामं वाडीतल्या बाईच्या वाट्याची. घराजवळ चारा मिळाला तर तिचे तास वाचतात. दुधाचे पैसे दहा-पंधरा दिवसांनी हातात येऊ लागले तर उन्हाळ्यात घर बंद करून मजुरीसाठी बाहेर पडायची पाळी काही कुटुंबांवर येत नाही, आणि पोरांची शाळा मधेच सुटत नाही.

म्हैस पिते किती, गवत पितं किती

आता खर्चाची बाजू. म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पिते, हे सगळ्यांना दिसतं. तिचं गवत किती पितं, हे कुणी मोजत नाही. ते मोजू.

दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. त्यावर एका पाळीला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर पन्नास हजार लिटर लागतं. उन्हाळ्यात दहा दिवसांनी एक पाळी धरली, तर रोजचं पाच हजार लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एका म्हशीच्या गवताला नव्वद माणसांचं पाणी लागतं. पंधरा-वीस घरांची एक छोटी ठाकुरवाडी नव्वद माणसांचीच असते.

हा आकडा एकदा मनात बसला की बाकीचं आपोआप स्पष्ट होतं. वाडीला पिण्यासाठी एकच विहीर असेल आणि तिच्या वरच्या अंगाला कुणी विंधनविहीर पाडून चाऱ्याला पाणी सुरू केलं, तर मार्चमध्ये एका घरचं दूध वाढेल आणि मेमध्ये सगळ्या वाडीची विहीर आटेल. भूगर्भात जमिनीचे सातबारे नसतात. एकाच्या पंपाने ओढलेलं पाणी शेजाऱ्याच्या हिश्श्याचंही असतं.

शहरातल्या वाचकाने इथे आपल्याकडेही पाहावं. कर्जत-खालापुरात फार्महाऊस आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांच्या अंगणातली हिरवळ हेही एक ओलिताचं कुरणच, फरक इतकाच की त्यावर कुणी चरत नाही. ऐन मे महिन्यात त्या हिरवळीवर फवारे उडतात आणि कुंपणापलीकडे गाय वाळलेल्या काड्या चघळत उभी असते. म्हशीच्या गवतापेक्षा शोभेच्या गवताला तहान कमी लागते, असं मुळीच नाही.

ओल्या कुरणाची दुखणी

पाणी मुबलक असलं तरी ओलं कुरण निर्धोक नसतं. पहिला धोका जनावरालाच. सतत ओल राहिलेल्या जागी, पाटाच्या कडेला, दलदलीत लहान शंखाच्या गोगलगाई वाढतात. त्यांच्या पोटातून एका चपट्या कृमीची पिल्लं बाहेर पडून गवताच्या बुडाला चिकटतात आणि गवताबरोबर गुरांच्या पोटात जातात. पशुवैद्य त्यांना पर्णकृमी म्हणतात. ते यकृत पोखरतात, दूध उतरतं, जबड्याखाली सूज येते, आणि मालक म्हणतो, चारा तर हिरवागार आहे, मग जनावर खंगतं का? चिखलात उभं राहून खूर सडतात ते वेगळंच. जनावराचे खूर ओल्या जमिनीला बुटाने तुडवल्यासारखे दाबतात आणि पुढच्या पाळीचं पाणी मुरत नाही. म्हणून आपल्याकडच्या लहान तुकड्यांवर गुरं चरायला सोडू नयेत. गवत जरा वरून कापावं आणि गोठ्यात आणून घालावं.

दुसरा धोका खताचा. चारा लवकर वाढावा म्हणून युरियाची मूठ सैल सुटते. जादा नत्र गवतात साठतं आणि गुरांना विषबाधा होऊ शकते. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी कापून घातली तर तासाभरात जनावर दगावल्याची उदाहरणं आपल्या खेड्यांना नवी नाहीत. ओला लसूणघास एकदम पोटभर खाल्ला तर पोट फुगतं. नुसत्या नेपिअरवर ठेवलेल्या जनावराला कॅल्शियम कमी पडू शकतं. हिरव्याबरोबर वाळलेलं आणि थोडं द्विदल हवंच. जुन्या गवळ्याला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण एकच एक चारा घालू नये, हे ठाऊक होतं.

तिसरा धोका माणसांना. गोठ्याचं धुवण आणि शेतातलं जादा नत्र उताराने खाली जातं, आणि खाली असते ती पिण्याची विहीर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये, असं भारतीय मानक सांगतं. ते वाढलं की तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. न्यूझीलंडमध्ये ओलिताच्या कुरणांवर दुधाचा मोठा धंदा उभा राहिला आणि त्या मागोमाग विहिरींतल्या नायट्रेटची चिंताही आली. शेवटी २०२१ मध्ये त्या सरकारला कुरणांवर कृत्रिम नत्राची वार्षिक मर्यादा हेक्टरी १९० किलोवर बांधावी लागली.

आणि चौथा धोका भांडणाचा. भात निघालं की कोकणात गुरं मोकाट सुटतात. उघड्याबोडक्या रानात एकच हिरवा तुकडा असेल तर आसपासच्या सगळ्या गुरांचा मोर्चा तिकडे वळणार. मग कुंपण आलं, त्याचा खर्च आला, आणि ज्या वाटेने शेजाऱ्याच्या शेळ्या पिढ्यान् पिढ्या जात होत्या ती बंद झाल्याचा रागही आला.

दापचरी ते ॲरिझोना

हे प्रयोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर न्यायच्या म्हणून १९४९ मध्ये आरेची दुग्धवसाहत सुरू झाली. तिथे ओलिताचं पॅरा गवत वाढवलं गेलं. पुढे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात दापचरीचा दुग्धप्रकल्प उभा राहिला. आदिवासी पट्ट्यातली जमीन घेतली, कुर्झे धरण बांधलं, गोठे बांधले. धरण होतं, गवत होतं, मुंबईची बाजारपेठ होती. तरीही प्रकल्प उतरणीला लागला. धरणाचं पाणी गवत उगवू शकतं. पण ज्यांची जमीन गेली त्यांचा त्या दुधाशी संबंध काय, हा प्रश्न पाण्याने सुटत नाही.

सौदी अरेबियाने वाळवंटात भूगर्भातलं पाणी उपसून गुरांसाठी हिरवा चारा पिकवला. ते पाणी पुन्हा भरून येणारं नव्हतं. २०१५ मध्ये सरकारने ही लागवड तीन वर्षांत आवरती घ्यायचं ठरवलं. पण गाईंना चारा लागतच होता. तिथल्या एका मोठ्या दूध कंपनीने २०१४ मध्येच अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जमीन घेतली होती. तिथलं भूजल उपसून पिकवलेला लसूणघास वाळवून जहाजाने सौदीला जाऊ लागला. वाळलेल्या गवताच्या गठ्ठ्यातून पाणी परदेशी चाललं आहे, हे ॲरिझोनाच्या लोकांच्या लक्षात आलं, तेव्हा तिथल्या विहिरींची पातळी उतरू लागली होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने त्या कंपनीचे सरकारी जमिनीवरचे पट्टे थांबवायला सुरुवात केली.

कर्जतच्या माळावरून मुंबईला जाणारा गठ्ठा आणि हा गठ्ठा दिसायला सारखेच. आपल्या गठ्ठ्यात पावसाचं पाणी होतं, ते कुणाच्या हंड्यातून काढलेलं नव्हतं. विहिरीवर चारा पिकवून तो बाहेर विकायचं ठरवलं, तर मात्र आपलीही ॲरिझोनाच होईल.

आधी पावसाचं गवत

मग करायचं काय? माझ्या मते क्रम ठरवायला हवा, आणि तो उलटा लागला की घोटाळा होतो.

पहिला क्रम पावसाच्या गवताचा. आपण गवत कापतो ते पिवळं पडल्यावर, कारण त्याआधी वाळवायला ऊन नसतं. तोवर त्यातलं सत्त्व बियांबरोबर झडलेलं असतं. फुलोऱ्यात आलेलं गवत कापून, थोडं सुकवून, बारीक तुकडे करून, घट्ट दाबून हवाबंद ठेवलं की सुमारे दीड महिन्यात त्याचा मुरघास होतो. रानगवतात साखर कमी, म्हणून गुळाचं पाणी शिंपडायचं. आपल्या बायका लोणचं घालतात, त्यातलाच हा प्रकार. दाबून भरायचं आणि हवा लागू द्यायची नाही. मुरघासासाठी पिशव्या मिळतात, खड्डाच हवा असं नाही. भाताच्या पेंढ्यावरही उपाय आहे. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि एकवीस दिवस झाकून ठेवायचा. पेंढा मऊ होतो, त्यातली प्रथिनं वाढतात. प्रमाण मात्र काटेकोर हवं, मिश्रण एकसारखं हवं, आणि लहान वासरांना तो घालायचा नाही. या दोन गोष्टींना उन्हाळ्यात पाण्याची एकही पाळी लागत नाही.

दुसरा क्रम साठवणीचा. कर्जत परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे त्या दहा गुंठ्यांवरच पावसाळ्यात तीस लाख लिटर पाणी कोसळून जातं, आणि डिसेंबर ते मे नेपिअरला लागतं सुमारे आठ लाख. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. बाष्प होऊन जाईल ते सोडूनही एका म्हशीचा चारा निघेल. पण इथला मुरूम पाणी धरत नाही, तळ्याला अस्तर लागतं आणि पोरांसाठी कुंपण लागतं. जागा पारखून घ्यावी लागते ती तर सगळ्यात आधी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि त्या ठाकरवस्तीतली अनेक घरं गाडली गेली. त्यानंतर वाडीच्या डोक्यावर, तीव्र उतारावर, जाणकाराला न दाखवता लाखो लिटर पाणी साठवायचं धाडस कुणी करू नये.

तिसरा क्रम ओलिताचा, आणि तोही बेताचा. आधी दोन-चार गुंठे. घरातलं आणि गोठ्याचं सांडपाणी त्यालाच. ठिबक जमलं तर उत्तम. राजनाल्याच्या काठी जिथे उन्हाळी भात होतं, तिथे एखादा तुकडा चाऱ्याला देऊन वरच्या वाड्यांशी पेंढा-दुधाचा व्यवहार बांधता येईल. वनहक्क कायद्याने २००६ पासून चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तो मिळाला तर डोंगरातली काही रानं आळीपाळीने राखून पावसाळ्यात चांगलं गवत वाढवता येईल. हे काम ग्रामसभेचं, पंपाचं नव्हे.

आणि सगळ्याच्या वर एक नियम, जो वाडीनेच लिहावा आणि वाडीनेच पाळावा : पाणी आधी घागरीला, मग गुरांच्या तोंडाला, मग गवताला. मार्चअखेर विहिरीची पातळी पाहायची आणि पिण्यापुरतं नसेल तर चाऱ्याचा पंप बंद. मग तो पंप कुणाचाही असो, वाडीतल्या शेतकऱ्याचा किंवा फार्महाऊसच्या मालकाचा.

नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली. दुभत्या जनावरांसाठी आजही कर्जं दिली जातात, योजनांची नावं तेवढी बदलली. कर्ज देणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे, आणि तिला पैसा लागत नाही. अर्जात चाऱ्यासमोर ‘स्वतःची सोय’ लिहिलं तर तो अर्ज पुढे सरकू नये. त्याऐवजी तिथे दोन रकाने असावेत. एप्रिल-मे महिन्यात हिरवं कुठून येणार? आणि ज्या पाण्यावर ते येणार, तेच पाणी आणखी कोण पितं? दुसऱ्या रकान्यावर अर्जदाराची एकट्याची सही पुरेशी धरू नये. त्या विहिरीवर हंडा घेऊन येणाऱ्या बायांच्या सह्या किंवा अंगठे त्याखाली असावेत.